हिरामावशी, कनाला ते सांगते

हिरामावशी, दिवाळीत तू मला एक प्रश्न विचारलास. त्याचं उत्तर द्यायला मला सहा महिने लागले आणि वर हे बारा दिवस. आता उत्तर तयार आहे आणि ऐकायला तू नाहीस. माझं सगळं असंच उशिरा असतं, हे तुला काही नवं नाही. तुझ्या घरात नऊ वर्षं भाड्यानं राहिले, पण पाणी यायच्या आधी माझी बादली नळाखाली गेली असं एकदाही झालं नाही.

आज तुझं बारावं झालं. सगळे पंगतीला बसले तेव्हा मी तिथे नव्हते. कुठे होते ते सांगणारच आहे. पण आधी मागचं बोलायला हवं, कारण भांडण अर्धवट टाकून तू गेलीस, आणि अर्धवट भांडण मला पचत नाही.

पहिल्या दिवसापासून तू मला तोच प्रश्न विचारत आलीस. मी कऱ्हाडकडची. आमचे हे एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला, आणि मला रबाळ्यात रबराच्या कारखान्यात नोकरी लागलेली. दोन वर्षांच्या श्रेयाला कडेवर घेऊन मी गावात खोली शोधत फिरत होते. तू ओट्यावर बसून मासळी साफ करत होतीस. मला बघून मान वर न करताच म्हणालीस, "कनाला आयलीस?" माझा हात झटकन कानाकडे गेला. त्या दिवशी नेमकं माझं एक डूल रिक्षात पडलं होतं. म्हटलं, बाईची नजर भारी तेज आहे. मी सांगितलं, "कानाला काही नाही हो झालं, डूल पडलं वाटेत." तू आधी माझ्या तोंडाकडे बघितलंस, मग कानाकडे, आणि हातातली सुरी खाली ठेवून इतकी हसलीस की शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या. त्यांनाही तू ते सगळं पहिल्यापासून सांगितलंस. मग मला कळलं की 'कनाला' म्हणजे 'कशाला'. तुमच्या आगऱ्यांच्या बोलीतला माझा तो पहिला धडा.

दुसरा धडा त्याच दिवशी मिळाला. मी तुला तुम्ही-तुम्ही करत होते. तू मागे वळून बघितलंस आणि विचारलंस, "तुमी कोन गो? मी एकलीच हाय." त्या दिवसापासून तू माझी 'तू' झालीस. सासूशी बोलताना मी अजून अहो-जाहो करते, सख्ख्या मावशीशी पण जरा जपून बोलते. तुझ्याशी मात्र कधी जपून बोलले नाही. ते बरंच झालं म्हणायचं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

तुझ्या 'कनाला'नं पुढं माझा पिच्छाच पुरवला. मी कारखान्याच्या लॅबमध्ये काय करते ते तुला एकदा समजावून सांगितलं. रबराच्या पट्ट्या कापायच्या, मशीनमध्ये अडकवायच्या, तुटेपर्यंत ताणायच्या आणि किती ताणल्यावर तुटल्या ते लिहायचं. तू गालाला हात लावून ऐकलंस. मग म्हणालीस, "दिसभर रबर तोडतेस? कनाला?" मी सांगितलं की इथे तोडून बघितलं नाही तर ते पुढं कुठल्यातरी यंत्रात तुटेल आणि कुणाचा तरी हात जाईल. तू दोन-तीनदा मान हलवलीस आणि म्हणालीस, "मंग बरोबर." मला प्रमोशन मिळाल्यासारखं वाटलं. नवऱ्याला माझं काम चार वर्षांत समजलं नव्हतं, ते तुला एका प्रश्नात समजलं.

ते 'मंग बरोबर' मिळवणं सोपं नव्हतं. आठवतंय ना, दर जानेवारीत कंपनी डायरी द्यायची आणि मी पहिल्या पानावर संकल्प लिहायचे. एका वर्षी अकरा होते. गच्चीवर तू परातीत बारीक सुक्या कोळंबीचा जवळा निवडत होतीस आणि मी हौसेनं तुला यादी वाचून दाखवली. इंग्रजी बोलायला शिकायचं. "कोनाशी बोलनार?" ते काही ठरलेलं नव्हतं. दहा किलो वजन कमी करायचं. कनाला? भाचीचं लग्न आहे मेमध्ये. "लगीन तिचा हाय का तुजा?" रोज दहा हजार पावलं चालायचं. "कुठं जानार?" जवळ्यातला कचरा निवडावा तसे तू माझे संकल्प एकेक करून बाजूला काढलेस. मी चिडून म्हटलं, अगं सगळेच लिहितात काहीतरी, नव्याचे नऊ दिवस का होईना. तू म्हणालीस, मग दहाव्या दिवसाचा काय ते लिही.

यादीत शेवटी होतं, स्वतःचं घर घ्यायचं. तू विचारलंस, कनाला. या वेळी मला उत्तर शोधावं लागलं नाही. म्हटलं, श्रेया पाचवीत गेली, तिला दार लावून अभ्यास करता येईल अशी एक खोली पाहिजे. तुझे हात थांबले. घर घेणं म्हणजे तुझ्या घरातून जाणं, हे मला बोलून झाल्यावर सुचलं. तुला ते आधीच कळलं होतं. तू म्हणालीस, "मंग बरोबर. हे मोठा लिव." आणि बाकीच्या दहा ओळींवर मला रेघ मारायला लावलीस. लिहिता-वाचता येत नसलेल्या बाईनं माझी डायरी तपासली, आणि त्या एका वर्षी ती पाळली गेली.

करंजाड्याचा फ्लॅट बघायला तू सोबत आलीस तो दिवस मी श्रेयाला अजून रंगवून सांगते. दलाल आम्हाला खालची लॉबी दाखवत होता, जिम दाखवत होता, गच्चीवरची हिरवळ दाखवत होता. तू त्याच्यामागून गप्प चालत होतीस. आत गेल्यावर तू कमरेची पिशवी सोडलीस, त्यातून सुतळी काढलीस आणि त्याला विचारलंस, "पोरीचा टेबल कुठं?" घरून निघताना तू श्रेयाच्या टेबलाचं माप सुतळीला गाठी मारून आणलं होतंस. लहान खोलीत तू गुडघ्यावर बसून सुतळी लावून बघितलीस. खिडकीखाली टेबल बसलं. तू उठलीस, गुडघे झटकलेस आणि दलालाला म्हणालीस, आता दाखव तुजा जिम. त्या खिडकीखालीच श्रेया आज दहावीचा अभ्यास करते. ती सुतळी मी टाकलेली नाही.

तू स्वतःलाही सोडायची नाहीस. म्हणून तर मला तुझा राग येऊनही यायचा नाही. साठीला टेकलीस तेव्हा तू स्कूटर शिकलीस. सगळं गाव हसलं. राजू, तुझा पोटचा मुलगा, म्हणाला, आय, रिक्षा हाय ना दारात. तू त्याला सांगितलंस की मावरा मला माझ्या हातानं बघून घ्यायचा असतो, आणि दिवाळे गावच्या मासळीबाजारात जायला रिक्षावाला सकाळी सहाला उठत नाही. एवढं कारण पक्कं झाल्यावर तू दोनदा पडलीस, एकदा नालीत गेलीस, तरी थांबली नाहीस. आणि त्याच राजूनं घरावर चौथा मजला चढवायचं काढलं तेव्हा तू कनाला विचारलंस, त्याला "सगळे बांधतात" याच्यापुढे काही सांगता येईना, आणि गल्लीत फक्त तुझं घर तीन मजल्यांवर थांबलं. म्हणून तुमच्याकडे अजून उन्हाची गच्ची आहे आणि जवळा वाळतो.

आपला एक वाद मात्र तसाच राहिला. मी म्हणायचे, प्रत्येक गोष्टीला कशाला नसतं मावशी. माणसानं थोडं उगाच पण जगावं. तू म्हणायचीस, उगाच काय नसतं. एकदा मी तुला पकडलंच. तू रोज संध्याकाळी भिंतीला पाठ लावून गच्चीवर तासभर नुसती बसायचीस. हातात काम नाही, कुणाशी बोलणं नाही. मी म्हटलं, आता तू सांग, कनाला बसतेस? मला वाटलं जिंकले. तू जराही विचार न करता म्हणालीस, "बसाला."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. गेल्या बारा दिवसांत त्या एका शब्दावर मी जेवढा विचार केला तेवढा बारावीच्या पेपरावर केला नव्हता.

आता दिवाळीचं.

मी मुक्त विद्यापीठात बी. एस्सी.ला नाव घातलं होतं. वय त्रेचाळीस. बारावी सायन्स झाल्यावर लग्न झालं आणि पुढचं राहून गेलं, ते आता पुरं करायचं होतं. पावसाळ्यात नाव घातलं आणि तीन-चार महिने कुणाला सांगितलं नाही. दिवाळीच्या आठवड्यात हळूहळू बाहेर आलं. आमचे हे म्हणाले, आता कशाला? नणंद फोनवर म्हणाली, आता कशाला गं, पोरगी दहावीला येईल. लॅबमधला आमचा साहेब फार प्रेमानं म्हणाला, मॅडम, कशाला त्रास करून घेता. आपल्या मराठीत 'कशाला' हा प्रश्न नसतोच ना मावशी. चहा घेणार का, कशाला. राहता का जेवायला, कशाला. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, फक्त आपण गप्प बसावं असं वाटत असतं. त्या आठवड्यात ते मी इतक्यांदा ऐकलं होतं की डोकं भणभणत होतं.

आणि मी फराळाचा डबा घेऊन तुझ्याकडे आले. म्हटलं, निदान इथे तरी कौतुक होईल. तू चकली मोडलीस, तोंडात टाकलीस, आणि विचारलंस, "कनाला?"

माझा राग नाकावर असतो हे तुला ठाऊक होतं. पण त्या दिवशी तो नाकावर नव्हता, जिभेवर होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, "तुला काय कळणार त्यातलं? तुझं आख्खं आयुष्य अंगठ्यावर निघालं."

तुझा हात मांडीवर होता, तो तू पदराखाली घेतलास. एवढंच केलंस. मग म्हणालीस, चा ठेवू का? मी नको म्हटलं आणि डबाही न घेता उतरले.

त्यानंतर सहा महिने मी तुझ्याकडे आले नाही. माझा कारखाना तुझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. जाता-येता तुझ्या गल्लीचं तोंड लागायचं आणि मी मान सरळ ठेवून पुढं जायचे. चूक माझी आहे हे मला पहिल्याच रात्री कळलं होतं. कळल्यामुळे येणं जास्त अवघड झालं. संक्रांतीला तुझा फोन आला, मी कामात आहे म्हणून ठेवला. आणि गेल्या महिन्यात तुझी सून संगीता करंजाड्याला तिच्या बहिणीकडे आली, ती माझ्या दारात पावसाळ्यासाठीचा जवळा देऊन गेली. दरवर्षीसारखा, निवडून, डब्यात भरून. जाताना म्हणाली, "आयनी इचारलंय, कनाला ते सांग."

मला वाटलं, बाई टोमणा मारते आहे. इतके महिने झाले तरी विसरली नाही. मी डबा घेतला, जवळ्याची चटणी केली, भाकरीबरोबर खाल्ली, आणि तुला फोन केला नाही. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. पण हे लिहिलं नाही तर पुढचं खोटं होईल.

मग एका सकाळी लॅबमध्ये संगीताचा फोन आला. हातातली पट्टी मशीनमध्ये तशीच ताणलेली ठेवून मी निघाले. पंधरा मिनिटांचा तो रस्ता सहा महिन्यांत मला जमला नव्हता. तू ओसरीवर होतीस. तुझे दोन्ही हात कुणीतरी छातीवर जोडून ठेवले होते आणि उजवा अंगठा वर होता. मी दुसरीकडे कुठे बघूच शकले नाही.

माझा पहिला पेपर रसायनशास्त्राचा, आणि तारीख नेमकी तुझ्या बाराव्याची. मी मनाशी ठरवून टाकलं की पेपर द्यायचा नाही. हा विषय पुढच्या वेळी सोडवता येतो. जिला एवढं बोलले तिच्या बाराव्याला मी पंगत वाढणार, उष्टी काढणार, भांडी घासणार. मला ते योग्य वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडं मोठेपणाचंही वाटत होतं. दहाव्याचे विधी उरकून सगळे घरी आले तेव्हा मी संगीताला मागच्या पडवीत गाठून सांगितलं की रविवारी मी सकाळपासून आहे, पेपर सोडते आहे.

संगीतानं हातातली कळशी खाली ठेवली. म्हणाली, "कनाला?"

अगदी तुझ्यासारखं. तशीच मान किंचित वाकडी. आणि मावशी, इतकं होऊनही पहिल्यांदा मला तेच ऐकू आलं, जे दिवाळीत आलं होतं. वाटलं, हिला मी इथं नको आहे. हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मला घालवते आहे. माझे डोळे भरून आले. मी उठणार, तेवढ्यात संगीता माझ्या समोरच्या पाटावर बसली. आणि नुसती थांबून राहिली.

तेव्हा मला दिसलं. ती थांबली होती. नाही म्हणणारं माणूस थांबत नाही, बोलून मोकळं होतं. उत्तर हवं असलेलं माणूसच थांबतं. तू दिवाळीत चकलीचा तुकडा हातात धरून अशीच थांबली होतीस. मी बोलायचं ते बोलून गेले आणि तुझं थांबणं बघितलंच नाही.

मग मी संगीताला सगळं सांगितलं, अंगठ्याचं बोलले तेसुद्धा. मला वाटत होतं ती उठून जाईल. तिनं कळशी बाजूला सारली आणि मला ते सांगितलं, जे तू नऊ वर्षांत मला कधी सांगितलं नाहीस.

की तुझा नवरा गेला तेव्हा राजू आठ महिन्यांचा होता. त्याच्या वाटणीची भातशेती तुझ्या नावावर आली, आणि वर्षाच्या आत जमीन सरकारात जायचे कागद आले. घरातल्या पुरुषांनी तुला चुलीपुढून बोलावलं. हाताला पीठ होतं, ते पुसायला लावलं. तू विचारलंस, कनाला? तुझा सासरा म्हणाला, तुना काय कराचंय, ठेव अंगठा. तू ठेवलास. शाई पदराला पुसलीस आणि परत भाकऱ्या करायला गेलीस. कोणत्या कागदाला अंगठा लावला ते तुला पुढच्या पावसाळ्यात कळलं, पेरायला गेलीस तेव्हा.

संगीता म्हणाली की अंगठ्याचं तुला वाईट नव्हतं. लिहिता येत नव्हतं, मग अंगठा नाहीतर काय करणार. तुला वेगळीच गोष्ट आयुष्यभर खात होती. तिच्याशी तू एकदाच बोलली होतीस. "मी एकदाच इचारला गो. आनखी एकदा इचाराला पाह्यजे होता."

मावशी, म्हणून तू मला दोनदा विचारलंस. मी एवढं तोडून बोलल्यावर दुसरी कुणी असती तर माझं नाव टाकलं असतं. तू इतक्या महिन्यांनी जवळ्याच्या डब्याबरोबर तोच प्रश्न पुन्हा पाठवलास. तो टोमणा नव्हता. स्वतःसाठी जे दुसऱ्यांदा विचारायचं तुझ्याकडून राहून गेलं, ते तू माझ्यासाठी विचारत होतीस. आणि मी चटणी करून खाल्ली.

मी पडवीत किती रडले ते सांगत नाही, तुला आवडलं नसतं. रडून झाल्यावर संगीता म्हणाली, "तिची माफी कनाला मांगतेस? उत्तर दे." मग कळशी उचलता उचलता म्हणाली, "पेपर देऊन ये. ताट ठेवते."

राहिलेल्या दोन दिवसांत मी अभ्यास केला आणि उत्तर शोधलं. उत्तर सोपं नव्हतं. पगार वाढेल, हे मी इतरांना सांगत होते. पण तू पुढचं विचारलं असतंस आणि ते पडलं असतं, वाढला तरी फार वाढणार नाही. श्रेयापुढं आदर्श, हे पण सांगत होते. त्याला तू हसली असतीस, की पोरीला स्वतःचा अभ्यास हाय, तुजा कनाला दाखवतेस. दोन्हींवर मी डायरीतल्यासारखी रेघ मारली.

मग शनिवारी लॅबमध्ये रोजचंच काम करताना ते सापडलं. सकाळपासून वीस पट्ट्या तोडल्या होत्या. आकडे माझे, मशीन लावलेलं मी, एक पट्टी कडेनं फाटली म्हणून ती बाद करून दुसरी घेण्याचा निर्णयही माझा. मग नेहमीसारखा मालाबरोबर जाणारा दाखला छापून आला, आणि तो घेऊन मी ऋतुजाच्या टेबलाशी गेले. ऋतुजा आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागली, चोवीस वर्षांची, बी. एस्सी. झालेली. गुणी मुलगी आहे. तिनं नेहमीसारखं विचारलं, "ताई, तुम्ही बघितलंय ना? मग करते सही." आणि खाली सही केली. दाखल्यावर सही करायला पदवी लागते, तसा नियम आहे, आणि तो मला मान्य आहे. पण तेरा वर्षं मी रबर तोडते आहे, आणि मी तपासलंय असं सांगणारा एकही कागद जगात माझ्या नावाचा नाही. कुणाचा तरी हात वाचावा म्हणून मी काम करते. ते काम मी केलं, एवढं सांगायला मला दुसऱ्याच्या टेबलाशी जावं लागतं.

मी तिथंच उभी राहिले. ऋतुजानं विचारलं, काय झालं ताई. मी काही नाही म्हटलं. माझा हात कानाकडे गेला होता. तू गेल्यापासून ही एक सवयच लागली आहे, तुझा प्रश्न ऐकू आला की हात कानाकडे जातो.

आज सकाळी पनवेलच्या कॉलेजात पेपर होता. वर्गात माझ्यापेक्षा मोठी एकच बाई होती, बाकी सगळी श्रेयापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असतील. पर्यवेक्षकांनी मला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं. मी हॉल तिकीट दाखवलं. पेपर बरा गेला, एक गणित चुकलं असावं. मध्ये हजेरीचा कागद आला आणि नावापुढच्या रकान्यात सही करायची होती. सगळी पोरं भराभर करून कागद पुढं सरकवत होती. मी पेन टेकवण्याआधी आपला अंगठा बघितला. तुझी शाई मी बघितलेली नाही, पण ती तिथं आहे असं धरून चालले. मग पूर्ण नाव लिहून सही केली. मागचा मुलगा म्हणाला, काकी, लवकर.

तिथून ठाण्याच्या बसनं रबाळ्याला उतरले तेव्हा तीन वाजून गेले होते. मांडव सोडत होते. संगीतानं खरंच ताट ठेवलं होतं. वडे गार झाले होते, ते मी ओसरीत तुझ्या फोटोसमोर बसून खाल्ले. फोटो राजूनं कुठल्यातरी लग्नातला काढलाय, त्यात तू कंटाळलेली दिसतेस. बोलायचं होतं ते तिथं बोलता येईना, माणसं जात-येत होती. म्हणून जेवून वर गच्चीत गेले.

कोपऱ्यात परातीत जवळा होता. तू अर्धा निवडलेला, अर्धा तसाच. बारा दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. मी भिंतीला पाठ लावून तुझ्या जागी बसले आणि उरलेला निवडायला घेतला. ऊन उतरलं होतं. आणि मग मी तुला मोठ्यानं सांगितलं. अंगठ्याचं बोलले ते चुकलं, हे सांगितलं. ते एका वाक्यात संपलं, सहा महिने उगाच ओझं वाहिलं. त्यानंतर तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मावशी, सही कराला. माझ्या कामाखाली माझी सही.

तू "बसाला" म्हणाली होतीस ना, तसंच आहे हे. त्याच्यापुढं दुसरं कारण नाही, आणि आता मला ते लागतही नाही. अजून अडीच वर्षं आहेत. श्रेयाची दहावी मध्ये आहे, ह्यांची कुरकुर आहे, गणित कच्चं आहे. पुढच्या बुधवारी दुसरा पेपर आहे. कुणी कशाला विचारलं तर आता मी चिडणार नाही, थांबून बघेन, समोरचं माणूस थांबलंय का. थांबलं असेल तर सांगेन.

एवढं बोलून मी सवयीनं गप्प राहिले. तुझे ते दोन शब्द यायची वेळ होती. खाली राजू मांडववाल्याशी बोलत होता, कुणीतरी खुर्च्या एकात एक रचत होतं. मी बराच वेळ वाट बघितली. हातातला जवळा निवडून संपला.

मग मीच म्हटलं, "मंग बरोबर."